दोन्ही चेंडू खेळलेली पिढी

‘अमेरिकन माणसाला धीर नाही, म्हणून तिथे क्रिकेट रुजलं नाही.’ हे वाक्य मी मुंबईला माहेरी ऐकलंय, इथे फिलाडेल्फियाजवळच्या गणेशोत्सवात जेवणाच्या रांगेत ऐकलंय, आणि माझ्या मुलाला बेसबॉल शिकवणाऱ्या सरांच्या तोंडूनही ऐकलंय. मला ते पटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या भागातल्या कॉलेजांमधली मुलं जीव ओतून क्रिकेट खेळली, जगातल्या उत्तम संघांना त्यांनी हरवलं, आणि त्यांतल्या कित्येकांच्या हाताला बेसबॉलही तितकाच सवयीचा होता. धीर नव्हता म्हटलं की ही सगळी मुलं एका वाक्यात पुसली जातात.

आधी बेसबॉलच्याच धीराचं बघू. दोन अमेरिकन कॉलेजांमधला पहिला बेसबॉल सामना १ जुलै १८५९ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्ड गावी झाला. ॲमहर्स्ट विरुद्ध विल्यम्स. तो खेळ आजचा बेसबॉल नव्हता. एका बाजूला तेरा गडी, बेसच्या (धावताना गाठायच्या ठाण्यांच्या) जागी जमिनीत रोवलेले चार फुटी खुंट, आणि धावणाऱ्याला बाद करायचं तर आपल्या आबाधुबीत मारतात तसा चेंडू नेम धरून त्याच्या अंगावर मारायचा. त्या भागातल्या नियमांप्रमाणे जिंकायला शंभर धावा लागत. दोन्ही कॉलेजांनी पासष्टवर समझोता केला. ॲमहर्स्टने ७३ विरुद्ध ३२ असा सामना मारला. त्याच दौऱ्यात दोन्ही कॉलेजं बुद्धिबळाचा डावही खेळली, आणि तोही ॲमहर्स्टनेच जिंकला.

या सामन्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे मैदानाभोवतीची कुजबुज. ॲमहर्स्टचा चेंडू टाकणारा मुलगा विद्यार्थी नाहीच, खास या दिवसासाठी भाड्याने आणलेला लोहार आहे, अशी बातमी पसरली होती. आमच्या वेळी आंतरमहाविद्यालयीन कबड्डीत समोरच्या संघात एखादा दणकट गडी दिसला की ‘हा कुठल्या वर्गात बसतो?’ असं कुणीतरी विचारायचंच. कॉलेजच्या खेळातली ही शंका त्या खेळाइतकीच जुनी आहे. खेळायला आलेला मुलगा आपल्यातला आहे की बाहेरचा, हा प्रश्न पुढे दोन्ही खेळांचं नशीब ठरवणार होता, म्हणून ती कुजबुज माझ्या लक्षात राहिली.

त्याच वर्षी, पानगळीच्या दिवसांत, जॉर्ज पार नावाच्या कर्णधाराबरोबर इंग्लंडचे व्यावसायिक क्रिकेटपटू बोटीने अमेरिकेत आणि कॅनडात आले. इंग्लिश संघाने समुद्र ओलांडून केलेला हा पहिला दौरा. ते ऑस्ट्रेलियाला किंवा हिंदुस्थानात गेले नाहीत, अमेरिकेत आले, कारण क्रिकेटची भूक तेव्हा इथे होती. न्यूयॉर्कसमोरच्या होबोकनला आणि इथे फिलाडेल्फियाला ते खेळले. अकरा इंग्रजांसमोर बावीस अमेरिकन उतरवले गेले, तरी इंग्रजच जिंकले. पण लोक बघायला लोटले होते.

मग अमेरिकेचं यादवी युद्ध आलं, उत्तर विरुद्ध दक्षिण. छावणीत, दोन कूचांच्या मधल्या फावल्या दुपारी, खेळायला काय मिळणार? बेसबॉलला एक दांडकं, एक चेंडू आणि उघडी जमीन पुरते. क्रिकेटला रोलर फिरवलेली खेळपट्टी लागते, गवत कापणारा माणूस लागतो, पाणी मारणारा लागतो. मॅटिंगवर खेळता येतं, पण छावणीत मॅटिंग कोण वाहून नेणार? युद्ध संपल्यावर लाखो तरुण घरी परतले ते बेसबॉल शिकून. फिलाडेल्फियाच्या क्रिकेटमधलं एक लाडकं घर न्यूहॉलांचं. भाऊच भाऊ, सगळे खेळाडू. त्यांतला वॉल्टर डिसेंबर १८६३ मध्ये युद्धावर असताना नदीत बुडून गेला. बाकीचे भाऊ पुढे कित्येक वर्षं ‘यंग अमेरिका’ या क्लबकडून खेळत राहिले.

बेसबॉलला वाढवलं ते तरी कोणी? इंग्लंडमधल्या शेफील्डला जन्मलेला हॅरी राइट न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्लबात पगारी क्रिकेटपटू होता. त्यानेच १८६९ साली सिनसिनाटीत उघडपणे सगळ्यांना पगार देणारा पहिला बेसबॉल संघ उभा केला. बेसबॉलचा धावफलक कागदावर मांडण्याची पद्धत ज्याने रुजवली तो हेन्री चॅडविक एक्सेटरचा, आणि वर्तमानपत्रांत आधी क्रिकेटची वार्तापत्रं लिहिणारा. क्रिकेटवाल्यांच्याच हातांनी बेसबॉल उभा राहिला.

मी राहते त्या घरापासून हॅवरफर्ड कॉलेज गाडीने थोड्याच अंतरावर आहे. क्वेकर पंथाच्या लोकांनी १८३३ साली काढलेलं हे कॉलेज. क्वेकर म्हणजे साधे कपडे, मौनातली प्रार्थना, युद्धाला ठाम नकार. संगीत-नाटकाला त्यांच्या जुन्या वळणात थारा नव्हता. पण कॉलेजची बाग आखायला विल्यम कार्व्हिल नावाचा इंग्रज माळी आला आणि त्याने मुलांच्या हातात बॅट दिली. गाण्याला मनाई असलेल्या त्या आवारात क्रिकेट मात्र चाललं. मला वाटतं, पांढरे कपडे, शिस्त आणि शांतपणे उभं राहणं हे त्या वडीलधाऱ्यांना रुचलं असावं.

७ मे १८६४ ला हॅवरफर्ड आणि पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठ (थोडक्यात ‘पेन’) यांच्यात क्रिकेटचा सामना झाला. अमेरिकेतल्या दोन कॉलेजांमधला हा सगळ्यात जुना क्रिकेट सामना मानतात. त्या तारखेपाशी मी नेहमी थांबते. व्हर्जिनियातल्या विल्डरनेसच्या जंगलात ५ ते ७ मे या तीन दिवसांत उत्तरेच्या ग्रँटची आणि दक्षिणेच्या लीची सैन्यं एकमेकांना भिडली होती. झाडोऱ्याला आग लागून जखमी माणसं जिथे पडली होती तिथेच जळाली. आणि इथे, आगगाडीने एका दिवसाच्या वाटेवर, वीस-बावीस वर्षांची मुलं बॅट घेऊन उभी होती. ती निर्दय होती असं मला वाटत नाही. हॅवरफर्डच्या क्वेकर घरांत शस्त्र धरणं पाप होतं, आणि तरीही वर्गातली कुणाकुणाची जागा रिकामी झालीच असेल. त्या दिवशी क्षेत्ररक्षण करताना त्यांच्या मनात काय चाललं असेल, हा विचार मला सोडत नाही.

युद्धानंतर फिलाडेल्फियात क्रिकेटचं पीक आलं. फिलाडेल्फिया क्लब आणि जर्मनटाउन क्लब १८५४ पासूनचे होते, त्यांत १८६५ साली मेरियन आणि १८७४ साली बेलमाँटची भर पडली. हॅवरफर्ड आणि पेनमधून बाहेर पडलेली मुलं या क्लबांत शिरायची, आणि त्यांचे धाकटे भाऊ कॉलेजात त्यांची जागा घ्यायचे. १८८१ साली कॉलेजांची स्वतंत्र क्रिकेट संघटनाही झाली. हार्वर्ड, पेन आणि हॅवरफर्ड यांच्यातल्या सामन्यांना माणसं जमायची.

त्याच वर्षांत कॉलेजच्या बेसबॉलमध्ये काय काय घडत होतं! कँडी कमिंग्ज नावाच्या किडमिड्या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, १८६७ साली हार्वर्डविरुद्ध हवेत वळणारा चेंडू पहिल्यांदा टाकला, असं तो आयुष्यभर सांगत राहिला. चेंडू खरंच वळतो की डोळ्यांना तसा भास होतो, यावर मोठमोठी माणसं पुढे वर्षानुवर्षं वाद घालत होती. फलंदाजामागे चेंडू झेलणारा कॅचर तेव्हा उघड्या हातांनी आणि उघड्या तोंडाने उभा राहायचा. बोटं मोडायची, दात पडायचे. १८७७ साली हार्वर्डच्या फ्रेड थेयरने तलवारबाजीच्या मुखवट्यावरून कॅचरसाठी जाळीचा मुखवटा तयार करवून घेतला. ब्राऊन विद्यापीठात शेवटच्या वर्षाला असलेल्या ली रिचमंड या डावखुऱ्या मुलाने १२ जून १८८० ला, पदवीदानाच्या धामधुमीतून वेळ काढून, वूस्टरच्या व्यावसायिक संघाकडून चेंडू टाकले आणि समोरच्या सत्तावीसच्या सत्तावीस जणांना एकदाही बेसवर पोचू दिलं नाही. मोठ्या लीगच्या इतिहासातली अशी पहिली कामगिरी एका विद्यार्थ्याची आहे.

मुलीही मागे नव्हत्या. व्हासर हे मुलींचं कॉलेज सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं, आणि १८६६ मध्येच तिथे मुलींचे दोन बेसबॉल क्लब होते. लांब घोळदार झगे सांभाळत त्या धावायच्या. हे वाचताना मला आनंदीबाई जोशी आठवतात. १८८३ साली त्या बोटीने अमेरिकेत उतरल्या आणि फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या; मार्च १८८६ मध्ये एम.डी. झाल्या. मधल्या १८८४ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाचा हौशी क्रिकेट संघ पहिल्यांदा इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. कल्याणला जन्मलेली, नऊवारीतली, अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी थंडीने काकडत शरीरशास्त्र घोकत होती, तेव्हा हे शहर अमेरिकन क्रिकेटची राजधानी होतं. आनंदीबाईंचं फिलाडेल्फिया म्हटलं की आपल्यासमोर कॉलेजची इमारत, बर्फ आणि खोकला एवढंच येतं. त्या शहराला हिरवी मैदानं होती, शनिवारच्या दुपारी होत्या, त्यांच्याच वयाची हसणारी-ओरडणारी मुलं होती, हे कळल्यापासून मला त्यांचा एकटेपणा जास्त जाणवतो.

त्या काळातल्या एका नावाशी मला सगळ्यात जास्त वेळ थांबावंसं वाटतं. मोझेस फ्लीटवूड वॉकर. ओहायोतल्या ओबरलिन कॉलेजचा आणि नंतर मिशिगन विद्यापीठाचा कॅचर. काळा मुलगा. १८८४ साली टोलेडोच्या संघातून तो तेव्हाच्या मोठ्या लीगमध्ये खेळला. त्याच्याच संघातला गोरा पिचर त्याने केलेल्या खुणा मुद्दाम पाळत नसे, त्यामुळे कुठला चेंडू येणार हे ठाऊक नसताना वॉकरला तो उघड्या हातांनी अडवावा लागायचा. शिकागोच्या कॅप ॲन्सनने त्याच्याविरुद्ध मैदानात उतरायला खळखळ केली. जुलै १८८७ मध्ये इंटरनॅशनल लीगच्या संचालकांनी काळ्या खेळाडूंशी यापुढे नवे करार करायचे नाहीत असं ठरवलं, आणि हळूहळू सगळीच दारं बंद झाली. ती उघडायला १९४७ साल उजाडलं.

वॉकरबद्दल वाचताना पुण्याचे दलित गोलंदाज पळवणकर बाळू आठवले नाहीत तरच नवल. वॉकर बाहेर ढकलला गेल्यावर थोड्याच वर्षांनी बाळू पूना क्लबच्या मैदानावर रोलर फिरवत होते, जाळी लावत होते, चार रुपये महिना पगारावर. इंग्रज साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे, तासन् तास. डावखुरी फिरकी त्यांच्या हातात तिथे बसली. नंतर हिंदूंच्या संघात आले ते गुणांच्या जोरावर. पण चहाच्या सुट्टीत सवर्ण सहकारी तंबूत चिनी मातीच्या कपातून चहा प्यायचे आणि बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळायचा. मैदानावर त्यांनी घासून दिलेला चेंडू चालायचा, त्यांच्या हातचा कप चालत नव्हता. वॉकर कॉलेज शिकलेला होता, बाळूंना तशी संधीच नव्हती. दोघांच्या वाट्याला मात्र तेच आलं: तुझा खेळ दे, तू बाहेर राहा. मला याचा राग येतो, आणि तो शंभर-सव्वाशे वर्षांनी निवळावा असं मला वाटत नाही.

तरीही बाळूंचा खेळ टिकला, त्यांचे धाकटे भाऊ पुढे आले, विठ्ठल तर हिंदू संघाचे कर्णधार झाले. यामागे मुंबईची मैदानं आहेत. १८८० च्या दशकात युरोपियनांच्या पोलोच्या घोड्यांनी जमीन उखडली तेव्हा तिथल्या क्रिकेटवाल्यांनी सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. मैदान सगळ्यांचं आहे हा त्यांचा मुद्दा होता. एकाच मैदानावर दहा-दहा सामने एकमेकांत घुसलेले, आपला मिडऑफ म्हणजे शेजारच्यांचा फाइन लेग, अशा गर्दीत पोरं शिकली. कडेला उभं राहून बघणाऱ्या पोराला कुणी हाकललं नाही. ते पोर उद्या चेंडू आणून द्यायचं, परवा टाकायचं.

फिलाडेल्फियाच्या क्लबांना कुंपण होतं आणि ते नीट राखलेलं होतं. सभासद ठरावीक घराण्यांतले, वकील, बँकवाले, गिरणीमालक. जर्मनटाउनच्या गिरण्यांत इंग्लंडहून आलेले विणकर होते, तेही सुरुवातीला क्रिकेट खेळायचे. त्यांच्या मुलांना या क्लबांत जागा नव्हती, ती मुलं बेसबॉलकडे वळली. तिथे पगार होता. पैसे घेऊन खेळणं क्लबवाल्यांना कमी दर्जाचं वाटे. माझ्या मते हीच त्यांची मोठी चूक. ज्याच्या घरी चूल पेटायची पंचाईत आहे त्याने शनिवारी फुकट का खेळावं?

या कुंपणातून आत आलेला एक मुलगा म्हणजे बार्ट किंग. १८७३ सालचा जन्म, मध्यमवर्गीय घर, कॉलेज नाही, आणि लहानपण बेसबॉलमध्ये गेलेलं. क्रिकेटमध्ये आला तेव्हा बेसबॉलच्या सवयी बरोबर घेऊन आला. धावत येताना पिचरसारखे दोन्ही हात डोक्यावर, चेंडू दोन्ही हातांत धरलेला, आणि मग उजव्या हाताने सोडलेला चेंडू शेवटच्या क्षणी झपकन आत वळायचा. त्याला तो ‘अँगलर’ म्हणायचा. माझा मुलगा अंगणात टेनिसच्या चेंडूने माझ्याशी खेळतो तेव्हा त्याचं मनगट पिचरसारखाच झटका देतं, आणि माझे पाय जागच्या जागी राहतात. बार्ट किंग फलंदाजांना काय वाटायला लावत असेल याची मला तिथे थोडी कल्पना येते.

फिलाडेल्फियाच्या संघाने १८९३ साली, नुकत्याच बोटीवरून उतरलेल्या ऑस्ट्रेलियन संघाविरुद्ध ५२५ धावा केल्या आणि एक डाव राखून त्यांना हरवलं. १८९६ मध्ये हॅवरफर्ड कॉलेजचा संघ, जॉन लेस्टरच्या कर्णधारपदाखाली, इंग्लंडला जाऊन तिथल्या नामांकित शाळांशी खेळून आला. शांत क्वेकर कॉलेजातली मुलं बोटीने अटलांटिक ओलांडून क्रिकेट खेळायला जातात, हेच मला विलक्षण वाटतं. पुढच्याच वर्षी, १८९७ मध्ये, फिलाडेल्फियाचा मोठा संघ इंग्लंडला गेला. लेस्टर त्यात होता, किंगही होता. होव्हच्या मैदानावर ससेक्सचा संघ ४६ धावांत कोसळला. किंगने १३ धावांत ७ बळी घेतले. त्यांत एक रणजितसिंहजी होते, पहिल्याच चेंडूवर त्रिफळा. आदल्याच वर्षी कसोटी पदार्पणात नाबाद १५४ धावा काढणारे, केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातून आलेले रणजी. १८९९ साली तेच रणजी स्वतःचा संघ घेऊन फिलाडेल्फियाला आले. १९०८ च्या दौऱ्यात किंगने ११.०१ च्या सरासरीने ८७ बळी घेतले आणि इंग्लंडच्या गोलंदाजांच्या यादीत पहिला आला. पन्नास वर्षं कुणाला ती सरासरी मोडता आली नाही.

त्यानंतर मात्र वेगाने ओसरलं. १९०९ साली लंडनमध्ये इम्पीरियल क्रिकेट कॉन्फरन्स स्थापन झाली. नावातच साम्राज्य होतं, अमेरिकेला तिथे जागा नव्हती. क्लबांच्या हिरवळींवर टेनिसची जाळी लागली, गोल्फ आलं, पहिलं महायुद्ध आलं. क्लबांच्या पाट्यांवर ‘क्रिकेट क्लब’ आजही आहे. हॅवरफर्डमध्ये मात्र क्रिकेट टिकलं. कोप फील्डवर कॉलेजचा संघ अजून खेळतो, आणि क्रिकेटच्या जुन्या कागदपत्रांचा एक मोठा संग्रह कॉलेजने जपून ठेवला आहे. वसंतातल्या शनिवारी मी तिथे जाऊन बसते. संघात आपल्या उपखंडातून आलेल्या घरांची मुलं बरीच असतात. त्यांच्यात एखादं अमेरिकन पोर असतं, फलंदाजीला उभं राहिलं की बॅट जमिनीला न टेकवता खांद्यावर घेणारं. त्याला कुणी हसत नाही, दोन मुलं जवळ जाऊन दाखवतात.

६ जून २०२४ ला टेक्सासमधल्या ग्रँड प्रेअरी मैदानावर अमेरिकेने विश्वचषकात पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं. ते मैदान आधी बेसबॉलचं होतं, क्रिकेटसाठी ते नव्याने बांधून घेतलं. ती सुपर ओव्हर टाकली सौरभ नेत्रावळकरने. मुंबईचा मुलगा, भारताच्या एकोणीस वर्षांखालच्या संघातून खेळलेला, कॉर्नेल विद्यापीठात संगणकशास्त्र शिकायला आलेला. सहा दिवसांनी न्यूयॉर्कजवळ त्याने विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर बाद केलं. घरी सगळे भारताच्या बाजूने, त्यामुळे क्षणभर शांतता पसरली. माझ्या मुलाने मात्र उडी मारली आणि विचारलं, ‘आई, हा कुठल्या कॉलेजकडून खेळायचा?’